गिरजाची बंदूक

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर निघालेली नाही. बापाला सांगितली नाही, मैत्रिणींना नाही, आणि देवापुढे हात जोडले तेव्हाही हा भाग मी तेवढा गाळूनच जोडले. आज तुमच्यापुढे लिहायला बसले आहे. शाळा मी चौथीपर्यंत, तीही अर्धीमुर्धी. पुढचं सगळं वडलांच्या जुन्या वर्तमानपत्रांवरून शिकले. तेव्हा वाक्य कुठे अडखळलं तर अडखळू द्या. काही वाक्यं अडखळायलाच हवीत.

गेल्या महिन्यात चार बायका घरी आल्या होत्या. एकेकाळी माझ्या हाताखाली बंदूक चालवायला शिकलेल्या, आता त्यांच्याही नाती शाळेत जातात. शाल आणली, नारळ आणला. एक जण बोलायला उभी राहिली आणि म्हणाली, बाईंनी इतकी वर्षं शिकवलं, पण बाईंच्या चुकीनं कधी कुणाला ओरखडासुद्धा उठला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी शाल नीट करत बसले. नाही म्हणायला जागा होती की नाही? होती. चांगली मोकळी जागा होती.

तर आता पहिल्यापासून सांगते.

माझे वडील पोलिसांच्या शाळेत बंदूक शिकवणारे हवालदार. नाशकात ती शाळा आहे हे तुम्हांला ठाऊकच. माझं लग्न फार लहानपणी झालं आणि कुंकूही लहानपणीच पुसलं गेलं. नवऱ्याचा चेहरा मला आठवत नाही, खोटं कशाला सांगू. परत वडलांकडे आले. वडलांना मुलगा नव्हता, मला काम नव्हतं. त्यांनी मला बंदुकीची नळी पुसायला दिली, मग धरायला दिली, मग मारायला. माझा नेम बसायला लागला तेव्हा ते हसले नाहीत, शाबास म्हणाले नाहीत. ‘कोपर आत घे’ एवढंच म्हणाले. त्यांच्या तोंडून तेवढं आलं की मी दिवसभर खूश असायची.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या दोनेक वर्षं आधीची गोष्ट. गावातल्या एका वकिलांनी मुलींसाठी उन्हाळी वर्ग काढला. लाठी, लेझीम तर बऱ्याच ठिकाणी होतं. यांनी बंदूक ठेवली. वकील सुधारक माणूस, त्यांची बायको त्यांच्याहून सुधारक. परवाने त्यांनी स्वतःच्या आणि भावांच्या नावावर काढले, लहान बोअरच्या, म्हणजे बारीक नळीच्या, पाच बंदुका जमवल्या, आणि शिकवायला बाईच हवी म्हणून माझ्याकडे आले. मला — जिला कुणी हळदीकुंकवाला बोलवत नव्हतं, जिचं तोंड सकाळी दिसलं की बायका परत घरात शिरत — मला ते ‘सरस्वतीबाई’ म्हणाले. मी त्या नावाची आहे हे मीच विसरले होते. सगळे सरू म्हणायचे.

आमची चांदमारी म्हसरूळच्या बाजूला, टेकडीच्या पायथ्याशी. मातीचा बांध, त्याच्यापुढे लाकडी चौकटीवर कागद. तुम्हांला वाटेल बंदूक शिकणं म्हणजे झोपून घोडा ओढायचा. छे! आधी बंदूक दोन्ही हातांनी डोक्यावर धरून टेकडी चढायची. उतरायचं, परत चढायची. मग मुरमावरून कोपरांवर सरपटायचं. नऊवारीचा काष्टा मारून, पदर कमरेला घट्ट खोचून. लग्न झालेल्या मुली बांगड्या काढायला तयार नसायच्या, त्या हातावर फडकं गुंडाळायच्या. पहिल्या आठवड्यात एकीचंही कोपर शाबूत नसायचं. संध्याकाळी हळद लावायच्या, सकाळी परत यायच्या. घरी आया ओरडायच्या की पोरीच्या अंगाला वळ उठले तर करणार कोण हिला? आणि पोरी हसत हसत मला ते सांगायच्या. मी कडक होते. उन्हात बंदूक खांद्याला लावून, नळीला वीट टांगून उभी करायची. हात थरथरला की परत टेकडी.

त्या मुलींमध्ये गिरजा होती.

गिरजाचा बाप मनमाडला रेल्वेच्या रुळांवर काम करायचा. ती नाशकात एका वसतिगृहात राहून शिकत होती. सातवी पास होऊन मास्तरीण व्हायचं तिनं ठरवलं होतं. तिची वस्ती गावाबाहेरची, ज्यांची सावलीसुद्धा तेव्हा लोक चुकवायचे. पंचवटीत देवळात जाऊ द्या म्हणून त्यांचा सत्याग्रह होऊन गेला त्याला फार काळ झाला नव्हता, आणि देऊळ काही उघडलं नव्हतं. वसतिगृह वकिलांच्या मित्रमंडळींनीच चालवलेलं. वकीलीणबाईंनी हट्टानं तिला वर्गात घेतलं.

पोरगी गरीब गाय वगैरे अजिबात नव्हती हो. आळशी होती पळायला. टेकडी चढताना मध्येच बसायची आणि म्हणायची, ‘बाई, तुम्ही व्हा पुढं, मी इथूनच गोळी मारते.’ सगळ्या फिदीफिदी हसायच्या. नेम साधारण. पण बोलणं असं की रडणारीसुद्धा हसेल.

वर्ग सुरू झाला त्या दिवशी वकीलीणबाईंनी एकच माठ मांडला आणि सांगितलं, सगळ्यांनी यातलंच प्यायचं. मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. तेव्हा मी पुढे झाले. गिरजाला म्हटलं, मला पाणी दे. तिनं तांब्यानं ओतलं, मी तिच्या हातचं पाणी सगळ्यांदेखत घटाघटा प्यायले. वकीलीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मग बाकीच्या प्यायल्या. त्या दिवशी मी कुणी तरी मोठी झाले.

आणि घरी जाऊन काय केलं सांगू? मागच्या दारी चूळ भरली. डोक्यावरून आंघोळ केली. हे इथवर कधी कुणाला सांगितलं नव्हतं — पण खरी गोष्ट अजून पुढेच आहे. मी तिच्याभोवती नुसती फिरते आहे, कळतंय मला.

बंदुकीच्या कामात एक शब्द असतो — ‘खाली’. मारून झालं की मुलीनं बोल्ट मागे ओढायचा, काडतुसाच्या घरात डोकावायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, ‘खाली’. तेवढ्यावर भागत नाही. मग शिकवणारीनं स्वतः यायचं, वाकायचं, आणि तिथे आपल्या करंगळीचं टोक टेकवायचं. भोक लागलं तर रिकामी. सपाट धातू लागला तर आत काडतूस. डोळ्यावर भरवसा नाही, कारण ऊन डोक्यावर असलं की ते घर आतून नुसतं काळं दिसतं. बोटानं पाहिलं की मगच आपण म्हणायचं, ‘खाली’. माझ्या वडलांनी मला नेम शिकवण्याच्या आधी ही करंगळी शिकवली होती. डोळा फसतो, बोट फसत नाही, असं ते म्हणायचे.

मुलीचा हात बोल्टवर असायचा. तेव्हा करंगळी टेकवायची म्हणजे माझा हात तिच्या हाताला लागायचा. सगळ्यांच्याच लागायचा. कुणाच्या बांगड्या लागायच्या, कुणाचा घामेजलेला अंगठा.

गिरजापाशी आले की माझा हात जायचा नाही.

मी ठरवून केलं असं म्हणू का? म्हणवत नाही. चुकून झालं म्हणू? तेही खरं नाही. पाणी पिताना सगळे बघत होते. इथे कुणी बघत नव्हतं. मी वाकायची, लांबूनच नजर टाकल्यासारखं करायची, ‘खाली’ म्हणायची आणि पुढच्या मुलीकडे सरकायची. रोज. तिला कळत नसेल? तुम्हांला काय वाटतं? एकदा तिनं झोपल्या झोपल्या मान वळवून म्हटलं, ‘बाई, माझ्या बंदुकीला तुमची करंगळी लागत नाही. रुसेल हो ती एखाद्या दिवशी.’

शेजारची मुलगी हसली. मी गिरजाला टेकडीवर पिटाळलं. आगाऊपणाबद्दल.

दुसरी एक गोष्ट तुम्हांला समजावून द्यायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. वडलांनी पोलिसांच्या शाळेतून एक पद्धत आणली होती, चकतीची. घोडा ओढताना हात हलतो की नाही, हे बघायचं असतं. त्यासाठी रिकामी बंदूक घेऊन एकीनं झोपायचं आणि समोर दुसरीनं बसून बारीक भोकाची पत्र्याची चकती डोळ्यापुढे धरायची. झोपलेलीनं त्या भोकावर नेम धरायचा आणि घोडा ओढायचा. समोरचीला भोकातून नळी हललेली दिसते. म्हणजे काय, रिकामी का होईना, बंदूक माणसाच्या डोळ्यावर रोखलेली. म्हणून तर चकतीच्या आधी करंगळी. म्हणून तर.

त्या सकाळी सगळ्यांनी एकदम बार काढले. पाचही बंदुका एकदम वाजल्या की आपली वाजली की नाही, हे नव्या मुलीला कळत नाही. गिरजाची वाजलीच नव्हती. तिनं बोल्ट ओढला, डोकावली, म्हणाली, ‘खाली’. मी वाकले. आत काळं होतं. मी म्हटलं, ‘खाली’.

मग चकती. तिच्यासमोर वत्सला बसली, वकिलांची पुतणी. गिरजानं नेम धरला, घोडा ओढला, आणि पहिल्या ठोक्याला न उडालेलं काडतूस दुसऱ्या ठोक्याला उडालं.

वत्सलेचा हात थोडा हलला होता म्हणून डोळा वाचला. गोळी तळहातातून गेली आणि कान फाडून गेली. मी पदर फाडून हात बांधला, बैलगाडीतून तिला दवाखान्यात नेलं. गिरजा वाटभर गाडीमागे धावत होती. टेकडी चढायला आळस करणारी पोरगी, अनवाणी, धावत होती.

वत्सला वाचली. दोन बोटं पुढे कधी वाकली नाहीत. स्वतःची वेणी तिला स्वतः घालता आली नाही.

दुसऱ्या दिवशी वकिलांच्या ओसरीवर आम्हांला बोलावलं. वकील, वकीलीणबाई, मी आणि गिरजा. वकिलांनी शांतपणे विचारलं, ‘सरस्वतीबाई, तुम्ही बंदूक तपासली होती?’

आता इथे एक शब्द होता. ‘नाही.’ एवढाच. मला फासावर थोडंच देणार होते? फार तर वर्ग गेला असता, ‘सरस्वतीबाई’ गेली असती, मी परत सरू झाले असते.

मी म्हटलं, ‘करंगळी लावून पाहिली होती. खाली होती. पुढचं मला माहीत नाही.’

बघा, मी तिला चोर म्हटलं नाही. म्हणावं लागलंच नाही. तपासली तेव्हा रिकामी होती, तर काडतूस नंतर आत आलं, आणि नंतर आलं तर ते कुणी घातलं? वकिलांनी ते सगळं स्वतःच जुळवलं. डब्यातून एखादं जास्तीचं उचललं असेल, मुलींना गंमत दाखवायला घातलं असेल. माझ्या वाक्यात खोटं एवढंच होतं, एका बोटाएवढं. बाकीचं त्यांनी केलं.

गिरजा खाली बघत होती. मग मान वर करून म्हणाली, ‘बाई माझ्या बंदुकीला हात लावत नाहीत. कधीच नाही लावत.’

 मला वाटलं, झालं आता.

पण वकीलीणबाई उठल्या.  म्हणाल्या, ‘तुला लाज नाही वाटत गं? तुझ्या हातचं पाणी सगळ्यांदेखत त्या प्यायल्या. त्यांच्यावर असला आळ घेतेस?’

गिरजानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. एखादं गणित सोडवताना पाटीकडे बघतात ना, तसं. मी तिच्या हातचं प्यायलेलं ते तांब्याभर पाणी तिथे माझ्या बाजूनं साक्षीला उभं राहिलं होतं. मी काय केलं? मी म्हटलं, ‘जाऊ द्या हो, लहान आहे. पोलिसांत नका देऊ.’ पोलिसांत ते देणारच नव्हते, परवाने त्यांचेच होते. पण माझ्या मोठ्या मनाचं कौतुक झालं. वकीलीणबाईंनी माझा हात हातात घेतला.

निघताना ओसरीच्या पायरीशी गिरजानं मला गाठलं. हळू आवाजात म्हणाली, ‘बाई, तुम्ही बोट लावलं असतं तर मला कळलं असतं ना. माझा हात तिथंच होता.’

एवढंच. मी पायऱ्या उतरले.

घरी वडलांनी विचारलं, करंगळी लावली होतीस? मी हो म्हटलं.  संध्याकाळी ते चांदमारीवर जाऊन ती बंदूक घेऊन आले. अंगणात बसून तिच्यात एक उडालेलं रिकामं काडतूस घातलं आणि बोल्ट ओढला. काडतूस बाहेर आलं नाही. परत घातलं, परत ओढला. परत आतच राहिलं. मला जवळ बोलावलं. म्हणाले, ‘हिचा आकडा घासलाय. काडतूस ओढून काढत नाही.’ मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘लाव बोट.’

मी लावलं. सपाट धातू. गार.

ते उठले, कानस घेतली आणि आकडा घासून नीट करत बसले. पुढे मरेपर्यंत त्यांनी तो विषय काढला नाही. मीही नाही. म्हणजे आता मला नक्की ठाऊक होतं — गिरजानं काही उचललं नव्हतं. आधी नुसतं वाटत होतं, असं म्हणायची सोयसुद्धा त्या संध्याकाळी संपली. वकिलांचं घर आमच्या गल्लीपासून हाकेवर. मी गेले नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. मग दिवस गेले की आता जाणं विचित्र दिसेल, असं वाटायला लागतं. तुम्हांला माहीत असेल तसलं वाटणं.

गिरजाला वसतिगृहातून काढलं. बाप मनमाडहून आला, त्यानं वकिलांच्या ओसरीखाली उभं राहून मुलीच्या वतीनं माफी मागितली. मी आत बसले होते. वकीलीणबाईंनी चहा दिला होता. त्याचा आवाज मला ऐकू येत होता. पोरगी त्याच्यामागे ट्रंक धरून उभी होती. तिनं माफी मागितली नाही.

ती मास्तरीण झाली नाही, हे मला पुढे वसतिगृहातल्या एका मुलीकडून कळलं. त्याच वर्षी तिचं लग्न लावून दिलं. त्यापलीकडे मला तिची माहिती नाही. शोधायला मनमाड काही लांब नव्हतं. आगगाडी रोज जाते.

आणि वर्गात? गावात लोक म्हणू लागले, बघा, बरोबरीनं वागवायला गेलं की असं होतं. वकील-वकीलीणबाईंनी आपणहून कधी तसं म्हटलं नाही, पण पुढच्या उन्हाळ्यात त्या वस्तीतल्या दोन मुली नाव घालायला आल्या तेव्हा ‘यंदा जागा नाही’ असं त्यांना सांगण्यात आलं. सांगायला मलाच पाठवलं होतं. मी सांगितलं. जागा होती.

त्या प्रकारानंतर मात्र माझ्या करंगळीनं कुणाचीही बंदूक चुकवली नाही. एकदा नाही, दोनदा लावायची. मुली मला ‘करंगळीबाई’ म्हणायच्या, प्रेमानं. माझा कडकपणा गावभर झाला. आईबाप निर्धास्त मुली पाठवायचे, की त्या बाई आहेत ना, मग काळजी नाही. गेल्या महिन्यातली शाल त्यातूनच आली.

मी बालविधवा होते, मला जगानं वेगळं बसवलं होतं. शिवलं नाही की माणसाला कसं लागतं, हे मला पुस्तकातून शिकायचं नव्हतं. हे मी स्वतःच्या बाजूनं सांगत नाही, उलट सांगते आहे. ज्याला कळत नाही त्यानं केलं तर एक. मला कळत होतं.

 त्या बायका शाल घालून गेल्यावर मला गिरजाचं ते वाक्य आठवलं — माझा हात तिथंच होता. इतकी वर्षं त्या वाक्याशेजारून मी निमूट जात-येत राहिले. नाशकात आता कुणाला ती आठवत नसेल. वकील गेले, वकीलीणबाई गेल्या, वत्सला गेली. वत्सला शेवटपर्यंत म्हणायची की गिरजानं मुद्दाम केलं नाही. मी म्हणायची, हो ना, पोरबुद्धी, दुसरं काय.

पोरबुद्धी नव्हती. तिनं काडतूस उचललं नव्हतं. तिनं ‘खाली’ म्हटलं ते तिला दिसलं तसं म्हटलं. मी म्हटलं ते बोटानं न बघता म्हटलं. बंदूक भरलेली होती, आणि माझं बोट माझ्याच पदराखाली होतं.